संगणकाला न सापडलेली म्हैस

मेहकर,
शनिवार, सकाळ

सन्माननीय भगवानराव व्याही यांस,
वासंतीचा नमस्कार.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की काल दुपारी तुम्ही फोन करून "आयतवारी गाडी घेऊन येतो अन् पोरीले घेऊन जातो, सांगून ठेवा तिले" एवढं बोललात आणि फोन ठेवून दिलात. आयतवार उद्याच आहे. त्यानंतर मी केलेला एकही फोन तुम्ही उचललेला नाही. सुलतानपूर इथून अर्ध्या तासावर आहे, मी स्वतः येऊ शकले असते. पण मी आले असते तर भांडण झालं असतं, आणि ते तुम्हाला झेपलं नसतं. म्हणून कागद घेतला. तुमच्या गावचा गोविंदा आज हरभरा विकायला पिकअप घेऊन इथे आला आहे. दुपारी तो परततो, त्याच्या हाती हे पत्र देणार आहे. उभ्याउभ्या वाचू नये. बसून, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचावं.

इकडे सर्व ठीक. तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळी चुकवत नसाल अशी आशा करते (नुसती आशाच, कारण लग्नात गोळी विसरून तुम्ही मांडवाच्या खांबाला धरून घाम पुसत होता, ते मी पाहिलं आहे). पुष्पांजलीबाईंचा गुडघा काय म्हणतो? उन्हाळ्यात दुखणं कमी होतं असं डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टरांना जमिनीवर बसून भाकरी थापावी लागत नाही. चिरंजीव कुशल नाशिकला कारखान्यात मजेत आहे. सुचिताही मजेत आहे. हे वाक्य वाचून तुम्ही कागद खाली ठेवू नये, पुढे सांगते.

गोजरबाई तुमच्या चुलत बहीण आणि आमच्या समोरच्या घरातल्या. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्यांची नजर चांगली आहे, फोनही चांगला आहे, आणि या दोन्हींच्या मधे काही थांबत नाही. त्यांनी तुम्हाला सांगितलं, "तुमच्या पोरीले सासू लाकडी पट्टी घेऊन मारून राह्यली, अन् पोरगी ढसाढसा रडून राह्यली." आता नीट ऐका. माझ्या हातात पट्टी होती, हे खरं. सुचिता रडत होती, हेही खरं. गोजरबाईंनी दोन खऱ्या गोष्टी पाहिल्या आणि मधली गाठ स्वतःच्या पदरची मारली. शाळेत पोरी गणितात असंच करायच्या. पहिली ओळ बरोबर, शेवटची ओळ बरोबर, आणि मधे काय झालं ते कोणालाच माहीत नाही. अशा उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

पट्टी माझ्या हातात असते कारण सदतीस वर्षं ती होती. फळ्यावरची ओळ दाखवायला लागते. काल सकाळी मी त्या पट्टीने सुचिताच्या लॅपटॉपवरची ओळ दाखवत होते. पडद्याला टेकवलीसुद्धा नाही (एकदा टेकली, त्याचा ठिपका राहिला आहे, तो पुसला की जाईल).

आता मुख्य मुद्दा. सोमवारी सकाळी सुचिताची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बी.सी.ए.ची शेवटची. विषय जावा. (थोरल्या-धाकट्या जावा नव्हेत. कुशल एकुलता आहे.) ही संगणकाला काम सांगायची एक लिहायची भाषा आहे. तुम्हाला कळेल असं सांगते. समजा तुम्ही शेतावर नवा सालदार गडी ठेवला. अत्यंत आज्ञाधारक, पण स्वतःची अक्कल तसूभर वापरायची नाही अशी शपथ घेतलेला. त्याला "धुऱ्यावरचं ते आण" म्हटलं तर तो बांधावर जाऊन नुसता उभा राहील. त्याला आधी प्रत्येक वस्तूचं नाव सांगून ठेवायचं आणि मग त्याच नावाने ती मागायची. न सांगितलेलं नाव घेतलं, की तो सगळं काम टाकून देतो आणि लाल अक्षरांत कळवतो, की ही खूण मला सापडत नाही. नव्या मुलांच्या निम्म्या चुका याच असतात म्हणे. सुचिता दोन दिवस त्या लाल अक्षरांसमोर बसली होती. परीक्षेत प्रोग्राम चालला नाही तर गुण नाहीत, गुण नाहीत तर वर्ष गेलं. मी पाहिलं आणि ठरवलं, की हे आपणच हातात घ्यायला हवं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या कॉलेजात संगणक नव्हता, पण चूक होती, आणि चूक शोधायची पद्धत तेव्हापासून बदललेली नाही.

त्यांच्या मास्तरांनी सांगितलं होतं, की आपल्या ओळखीची एक गोष्ट घ्या आणि तिच्यावर प्रोग्राम लिहा. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी बँकेचं खातं घेतलं. सुचिताने म्हैस घेतली. मला हे पसंत पडलं. तिने आधी एक नमुना लिहिला, की म्हैस म्हटली म्हणजे तिला नाव असतं, वय असतं आणि ती दूध देते. याला ते क्लास म्हणतात. मग त्या नमुन्यावरून एक प्रत्यक्ष म्हैस तयार केली, तिला ऑब्जेक्ट म्हणतात. इथवर सर्व ठीक. मग खाली त्या म्हशीला हाक मारली, आणि संगणक म्हणाला, चंद्री सापडत नाही.

मी पट्टी ठेवली त्या ओळीवर आणि विचारलं, "चंद्री कोण?"

"आमची म्हैस, आई."

पट्टी वरच्या ओळीवर नेली. तिथे लिहिलं होतं गौरी. "मग ही गौरी कोण?"

"तीच."

भगवानराव, मी तुम्हाला आदराने विचारते, एका म्हशीला दोन नावं कशासाठी लागतात? सुचिताने मग सगळं सांगितलं. म्हैस गौरीच्या सणाला घरी आली म्हणून पुष्पांजलीबाई तिला गौरी म्हणतात. तिच्या कपाळावर पांढरा चांद आहे म्हणून तुम्ही तिला चंद्री म्हणता. पाच वर्षं तुम्ही दोघं आपापल्या नावावर ठाम आहात आणि म्हैस दोन्ही नावांना ओ देते. पोर वरचा भाग लिहिताना आईच्या आवाजात लिहीत होती आणि खालचा भाग लिहिताना तुमच्या आवाजात. म्हैस सांभाळून घेते, जावा सांभाळून घेत नाही. म्हणजे चूक पोरीची नाही, मास्तरांची नाही, चूक तुमच्या गोठ्यातली आहे. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. (देत आहे, पण त्यासाठी लिहीत नाही.)

दोन्ही नावं बाद, असा मी निकाल दिला. सुचिताला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले आणि वरच्या ओळीत गौरी खोडून "म्हैस-एक" अशा अर्थाचं शुद्ध, शास्त्रीय नाव घातलं. आधी एक तक्रार होती, ती आता पडदाभर झाली. सुचिता हळूच म्हणाली, "आई, वर बदललं म्हणजे खाली आपोआप बदलत नाही. आता ते गौरीलेही ओळखत नाही अन् चंद्रीलेही." मी म्हटलं, हजेरीत नाव बदललं की सगळ्या वर्गाला कळतं, याला का कळू नये? तक्रारी वाढल्या याचा अर्थ संगणक आता लक्ष देऊन बघायला लागला, असं माझं मत झालं. कुशललाही फोन लावला. तो म्हणाला, "आई, बंद करून परत चालू कर." (चार वर्षं इंजिनीअरिंग शिकवलं त्याला.) एवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. परत येते तर सगळीकडे गौरीच लिहिलेलं होतं आणि नावाची एकही तक्रार नव्हती. माझ्या दुरुस्तीचा परिणाम कधीकधी जरा उशिरा दिसतो.

मग दूध सापडेना. हेही तुम्हाला समजेल. सुचिताने सकाळच्या धारेचं एक काम लिहिलं होतं आणि त्या कामाच्या आतच दुधाचा आकडा ठेवला होता, सहा लिटर. दिवसाचा हिशेब सांगायचं काम वेगळं, आणि ते दूध मागत होतं. आता सकाळची धार काढून बादली गोठ्यातच ठेवली, गोठ्याला कडी लावली आणि स्वयंपाकघरात उभं राहून दूध द्या म्हटलं, तर कोण देणार? एका कामाच्या आत ठेवलेली वस्तू त्या कामाबरोबर संपते. ती दोन्ही कामांना हवी असेल तर ती त्या म्हशीच्याच नावे ठेवायला हवी. हे मी दोन मिनिटांत ओळखलं. (सुचिताही तेच म्हणत होती, पण तिचा आवाज बारीक आहे.) तिने दुधाची नोंद वर म्हशीच्या नमुन्यात केली आणि आतली जुनी ओळ बदलायला गेली. मी तिचा हात धरला. लिहिलेलं खोडायचं नाही, हा माझा वर्गातला पहिला नियम होता. वर नवी ओळ घाल, खाली जुनी राहू दे, दोन पुरावे असलेले बरे.

चालवला. एकही लाल अक्षर नाही! प्रोग्राम धडाधड चालला आणि शेवटी पडद्यावर उमटलं, की गौरीचं आजचं दूध शून्य लिटर.

मी पट्टी टेबलावर आपटली, आनंदाने. (ही आपटणी गोजरबाईंनी ऐकली असावी.) पण सुचिता त्या शून्याकडे बघत बसली. म्हणाली, "आई, गौरी शून्य नाही देत हो." मी म्हटलं, मग आपण अंदाजे आकडे लिहायचेच कशाला? घरी फोन कर, हल्ली किती देते ते विचार आणि खरा आकडा लिही. परीक्षकाने विचारलं तर ठामपणे सांगता आलं पाहिजे. हे मी सुचवलं, आणि ते सुचवणं बरोबरच होतं.

तिने फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मीही ऐकलं. पुष्पांजलीबाई म्हणाल्या, "काई नाही देऊन राह्यली व बाई ते. तू गेली तवापासून कोनाले हातच लावू देत नाही. माह्या गुडघ्यानं खाली बसवत नाही, अन् तुह्या बाबाले त लाथच मारली तिनं. आयतवारी संग्रामपूरले मामाच्या घरी पाठवून राह्यले तिले. तुही परीक्षा हाय म्हणून बाबा म्हणे, सांगू नोको पोरीले."

इतकंच. फोन ठेवला आणि पोरगी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिच्या शेजारी उभी. हातात पट्टी. आणि याच घटकेला गोजरबाई कढीपत्ता मागायला खिडकीशी आल्या. "काऊन रडून राह्यली व पोरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अभ्यास चालू आहे." यापेक्षा खरं उत्तर त्या वेळी देता आलं नसतं. कढीपत्ता दिला, तो घेऊन त्या गेल्या, आणि रस्ता ओलांडायच्या आत तुम्हाला फोन लावला असणार.

तेव्हा आता तुम्हीच सांगा, पोरीला कोणी रडवलं? मी, की तिच्या हातावर वाढलेली म्हैस तिला न कळवता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवणाऱ्या माणसाने? तुमचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही लपवलं असतं, फक्त पुष्पांजलीबाईंना सांगितलं नसतं. पण तुम्ही लपवलंत, ते फुटलं, आणि वर तुम्हीच रागावून गाडी घेऊन येता. ही रीत नव्हे.

आणखी एक. सोयरीक ठरली तेव्हा तुम्ही मानपान काही मागितला नाहीत. एवढंच म्हणालात, "पोरीचं शिक्षन पुरं करा, बाकी मले काई नोको." मी त्याच बैठकीत सगळ्यांसमोर शब्द दिला. तो शब्द सोमवारी सकाळी पुरा होतो. त्याआधी एक दिवस तुम्ही तिला उचलून नेणार, ती तिथे त्या म्हशीच्या गळ्यात पडून रडणार, म्हैस संग्रामपूरला जाणार, आणि सोमवारी परीक्षेला बसायला कोणी उरणार नाही. गेलेलं वर्ष मग तुम्ही आणणार की गोजरबाई? आज सकाळी तिने मला विचारलं, "आई, एकदा फक्त बघून येऊ का?" मी नाही म्हटलं. वाईट वाटलं, पण म्हटलं. सोमवारी दुपारपर्यंत सुचिता या घरातून कुठेही जाणार नाही. तुम्ही येऊ नये. आलात तर चहा मिळेल, पोरगी मिळणार नाही.

पुष्पांजलीबाईंना नमस्कार. गोळी घ्यावी.

आपली,
वासंती

ता. क. शून्य लिटरचा उलगडा झाला. वरच्या दुधाची आणि आतल्या दुधाची अशा दोन वेगवेगळ्या नोंदी झाल्या होत्या. धार आतल्या बादलीत पडत होती आणि हिशेब वरच्या रिकाम्या बादलीचा होत होता. सुचिताने आतल्या ओळीतला एक शब्द काढला, आणि गौरी पडद्यावर सहा लिटर द्यायला लागली. लिहिलेलं खोडायचं नाही हा नियम वह्यांपुरता आहे. तो तसाच होता, मी फक्त आज स्पष्ट केला.

दुसरी ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी तिचा सराव घ्यावा म्हणून मी तिला बँकेच्या खात्याचा प्रोग्राम लिहायला सांगितला. एक चूक नाही. क्लास बरोबर, ऑब्जेक्ट बरोबर, कुठलंही नाव न सांगता वापरलेलं नाही. फक्त खातेदाराचं नाव तिने गौरी लिहिलं होतं. मग ग्रंथालयाचा लिहायला दिला. पुस्तक नेणारी सभासद, गौरी. परीक्षकाला याने काही फरक पडणार नाही, पण मला पडला. तिचा अभ्यास पूर्ण झाला आहे, आता इथे बसून ती आणखी काही शिकणार नाही. तेव्हा तिला गोविंदाबरोबर पाठवत आहे. माझं मत बदललं असा अर्थ काढू नये. हा तयारीचाच भाग आहे.

तिसरी ता. क. ही गोविंदा हॉर्न वाजवत असताना लिहीत आहे, म्हणून थोडक्यात. म्हैस संग्रामपूरला पाठवू नका. मामांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. आमच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, तिथे कुशलच्या वडिलांची स्कूटर उभी आहे. ते गेल्यापासून ती कोणी चालवत नाही, ती भिंतीशी उभी राहू शकते. उद्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, गोविंदाच्या गाडीतून दोघींना परत पाठवा. गोविंदाशी बोलणं झालं आहे, तो हो म्हणाला (आधी "मास्तरीनबाई, तुमी अन् म्हैस?" असं म्हणाला, मग हो म्हणाला). धार सुचिताने काढायची नाही, तिला सोमवारी परीक्षा आहे आणि नंतर नोकरी बघायची आहे. मी काढेन. म्हैस परक्या हाताला दूध देत नाही असं तुम्ही सगळे म्हणता. बघू. गोजरबाईंना तुम्ही कळवू नका, त्यांना खिडकीतून दिसेलच.

गोविंदाच्या गाडीत आज दुपारी दिलं ते असं:
सुचिता, पुढच्या सीटवर, खिडकीच्या बाजूला.
लॅपटॉप, चार्जरसह. तिथे उघडला नाही तरी चालेल.
पुष्पांजलीबाईंच्या गुडघ्यासाठी तेल, एक बाटली. कोमट करून लावावं.
सरकीची ढेप, एक पोतं. म्हशीला गाडीत चढवायच्या आधी थोडी चारावी, म्हणजे कुरकुर करणार नाही.
दावं, एक, नवं. बाजारात मी स्वतः दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आहे.